मन, मेंदू आणि कलम २०(३)

सानपाड्यात दर रविवारी आमचा धम्मवाचनाचा वर्ग भरतो. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी वर्ग सुटता सुटता तुर्भे स्टोअरच्या वस्तीतली एक मावशी आली. तिचा मुलगा बाजार समितीच्या आवारात माल चढवण्या-उतरवण्याचं काम करतो. एका गोदामातल्या चोरीच्या संशयावरून पोलिसांनी त्याला नेलं होतं. मावशी म्हणाली, "दादा, ते मेंदूचं मशीन असतं ना, टीव्हीवर दाखवतात ते. माझ्या पोराला त्याच्यावर बसवायला सांगा. त्याच्या मनात काय आहे ते सगळ्यांना दिसू दे."

आम्ही 'नको' म्हणालो. त्यावर वर्गातल्याच दोन तरुणांनी विचारलं, "निर्दोष आहे तर घाबरायचं कशाला? विज्ञानच आहे ना ते?" त्या दिवशी घाईत नीट उत्तर देता आलं नाही. ते इथे देत आहोत.

मावशी म्हणते ते मशीन खरंच आहे आणि त्याची मोठी गोष्ट आपल्या महाराष्ट्रातच घडली. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेत काम केलेले मेंदूशास्त्रज्ञ चंपाडी रमण मुकुंदन यांनी 'बीईओएस' नावाची चाचणी तयार केली. संशयिताच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावायचे आणि त्याला गुन्ह्याविषयीची वाक्यं ऐकवायची. त्याने एक शब्दही बोलायचा नाही. ती गोष्ट त्याने फक्त ऐकलेली आहे की स्वतः केलेली आहे, हे मेंदूतल्या विद्युतलहरींवरून कळतं, असा दावा.

पुण्यातल्या एका विषप्रयोगाच्या खटल्यात एका तरुणीची अशी चाचणी झाली. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने तिला जन्मठेप दिली. इतर पुरावेही होते, पण निकालात या चाचणीलाही वजन मिळालं आणि जगभर चर्चा झाली. परदेशातल्या अनेक मेंदूशास्त्रज्ञांनी आश्चर्य व्यक्त केलं. निम्हान्सच्याच संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने त्याच वर्षी ही पद्धत अशास्त्रीय ठरवली. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने त्या तरुणीला जामीन दिला.

तज्ज्ञांचा आक्षेप समजायला सोपा आहे. डोक्यावरचे इलेक्ट्रोड मोजतात ती वीज व्होल्टच्या दशलक्षांश भागात मोजावी लागते, इतकी क्षीण. लक्षावधी पेशींचा एकत्र गलबला त्यात असतो. त्यावरून माणूस झोपेत आहे की जागा, फिट आली आहे का, हे डॉक्टर सांगू शकतात. फिट येणाऱ्या मुलाला भगताकडे नेऊ नका, दवाखान्यात न्या, असं आम्ही वस्तीत सांगतो ते याच शास्त्राच्या भरवशावर. पण 'हे यानेच केलं' असं वाक्य त्या लहरींत लिहिलेलं नसतं. चार दिवस कोठडीत 'तूच चोरलंस' हेच ऐकणाऱ्या पोराच्या मेंदूत त्या गोदामाचं चित्र उमटणारच. भीती, कल्पना, ऐकीव माहिती आणि अनुभव यांच्यात खात्रीने भेद करणारं मशीन अजून सिद्ध झालेलं नाही.

शिवाय आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली फाईल नव्हे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांचे सहकारी जॉन पामर यांनी १९७४ मध्ये काही लोकांना मोटारींच्या धडकेची फिल्म दाखवली. एका गटाला विचारलं, गाड्या 'धडकल्या' तेव्हा वेग किती होता? दुसऱ्या गटाला विचारताना शब्द 'चक्काचूर' अशा अर्थाचा वापरला. दुसऱ्या गटाने वेग जास्त सांगितला. आठवड्यानंतर त्या गटातल्या अधिक लोकांना फुटलेल्या काचाही आठवल्या. फिल्ममध्ये काचा नव्हत्याच. प्रश्नाचा एक शब्द आठवण बदलत असेल, तर पोलिसी चौकशी काय करत असेल?

आता तरुणांच्या प्रश्नातला खोल भाग. मन म्हणजे मेंदूच असेल, तर आज ना उद्या मेंदू वाचून मन वाचता येणारच, नाही का? देकार्तने सतराव्या शतकात मन आणि शरीर ही दोन वेगळी तत्त्वं मानली. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने १६४३ मध्ये त्याला पत्र लिहून विचारलं की ज्याला आकारच नाही ते मन शरीराला हलवतं कसं? समाधानकारक उत्तर त्याला देता आलं नाही. आत्मावाद्यांकडे ते आजही नाही.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात वेगळी वाट दाखवली. तथागतांनी आत्मा नाकारला, मग जाणीव कुठून येते? बाबासाहेब विज्ञानातला दाखला देतात. विद्युतक्षेत्र असतं तिथे त्याच्यासोबत चुंबकक्षेत्र असतं, तसं शरीर असतं तिथे त्याच्यासोबत जाणीव असते. शरीराबाहेर तरंगणारा आत्मा नको आणि मनाला कस्पटासमान मानणारा कोरडा जडवादही नको.

इथे कोणी म्हणेल, विद्युतक्षेत्रावरून चुंबकक्षेत्र काढता येतं, मग मेंदूवरून मन का नाही? कारण त्या दोन क्षेत्रांना जोडणारी गणिती समीकरणं मॅक्सवेलने एकोणिसाव्या शतकातच दिली. मेंदू आणि मन यांना जोडणारं तसं समीकरण आजही जगात कोणाकडे नाही. ते हाती नसताना निकाल देणारा माणूस शास्त्रज्ञाचा कोट घातलेला भगत आहे.

आपल्या समाजाने तर हे जास्तच सावधपणे पाहायला हवं. माणसाच्या कृतीऐवजी त्याच्या 'आत' डोकावून निवाडा करणाऱ्यांचा अनुभव आपल्याला जुना आहे. मनुवाद्यांनी आत्म्यावर पूर्वजन्मीच्या पापाचा डाग दाखवला. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा जायला १९५२ साल उजाडलं. रिस्लेने नाकं मोजून जातींची उतरंड शास्त्रीय असल्याचं दाखवलं. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' ग्रंथात मोजमापांवर बहिष्कार टाकला नाही. घुर्येंनी मांडलेले नाकांचेच आकडे घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत, हे दाखवलं. समाजशास्त्र शिकताना आम्हाला यातून कळलं की विज्ञानाला घाबरायचं नाही, विज्ञानाच्या नावाने आलेल्या दाव्याकडे पुरावा मागायचा.

आणि संविधानाने भिंत बांधून ठेवली आहे. कलम २०(३) सांगतं की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येणार नाही. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूलहरींची चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही, असं ठरवलं. संमतीने केली तरी चाचणीचा निष्कर्ष हा स्वतः पुरावा होत नाही. पण कोठडीतल्या गरीब पोराची 'संमती' किती खरी असते? देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी आहेत आणि त्यांत अनुसूचित जातींचा वाटा लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त आहे. मशीनवर पहिलं कोण बसेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

मावशीला आम्ही विधी सेवा प्राधिकरणाकडे नेलं. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. वकिलाने मुलाच्या मेंदूत नव्हे, टोळीच्या मुकादमाच्या वहीत शोधलं. चोरीच्या रात्री तो दुसऱ्या गाळ्यावर ट्रक भरत होता. हजेरी लागलेली होती, सोबतचे चौघे साक्षीला होते. त्याला जामीन मिळाला. खटला अजून चालू आहे.

मावशीला पोराचं मन सगळ्यांना दाखवायचं होतं. आईची ती तळमळ आम्हाला कळते. पण आपल्या पोरांनी निर्दोष असल्याचं प्रमाणपत्र डोक्यात घेऊन फिरायचं नाही. गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकारची आहे.

जय भीम! जय संविधान!