पाणी आपलं, पूर दुसऱ्याच्या घरात

पुण्यात तासभर पाऊस कोसळला की रस्त्यावरच्या तळ्याचे फोटो फिरतात आणि महापालिकेच्या नावानं शिमगा सुरू होतो. जरूर करा. नालेसफाई कशी होते ते मलाही दिसतं. पण त्या तळ्यातलं पाणी आलं कुठून? रस्ता तो केवढा, आणि तुमची गच्ची, पार्किंग, अंगण केवढं!

आमच्या भागातल्या सोसायट्यांना सुशोभीकरणाचा रोग जडलाय. आंब्याच्या बुंध्यापर्यंत पेव्हिंग ब्लॉक, खाली काँक्रीट, फटींत सिमेंट. का, तर गाड्यांना चिखल लागतो.

साधा हिशेब आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर 50 मिलिमीटर पडला की 50 हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर पाच. एप्रिलमध्ये टँकरवाल्याच्या मिनतवाऱ्या करणारे सेक्रेटरी जूनमध्ये हे पाच टँकर गेटबाहेर हाकलतात आणि पार्किंग कोरडं राहिलं म्हणून मिशीला पीळ देतात. त्याहून शूर मंडळी गच्चीचा पाइप थेट ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडतात. मग खालच्या गल्लीत चेंबरचं झाकण उडतं आणि वरच्यांचा मैला खालच्यांच्या उंबऱ्याला लागतो.

उताराला पत्ता विचारावा लागत नाही. कात्रजकडून निघालेला आंबिल ओढा सहकारनगर, दांडेकर पूल करत मुठेला मिळतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री तो काठच्या वस्त्यांत शिरला, माणसं मेली. तो पूर एकट्या पेव्हिंग ब्लॉकनं आणला असं मी म्हणणार नाही. पाऊस भयंकर होता, पात्र आवळलेलं होतं. पण त्या लोंढ्यात आपल्या गेटचं पाणी नव्हतं, असं छातीला हात लावून सांगणारा चेअरमन मला दाखवा.

अंगणात पाणी मुरणं थांबलं की काय होतं, ते मुंबईत बघा. तिथली जुनी पावसाळी गटारं तासाला 25 मिलिमीटर पाऊस धरून आखली होती, तीही निम्मं पाणी मुरेल या भरवशावर. 1993 च्या ब्रिमस्टोवॅड या पावसाळी गटारांवरच्या अहवालानं 50 मिलिमीटर धरायला सांगितलं, आणि मुरण्याचा हिशेब सोडून सगळंच वाहणार असं गृहीत धरलं. इंजिनिअरांनी आपल्या अंगणांची आशा तेव्हाच सोडली!

पुण्यात नियम आहेत की. 500 चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटवर नव्या बांधकामाला पर्जन्यजल संधारण सक्तीचं आहे. बिल्डर भोगवटा पत्रापुरता खड्डा करतो. पुढं त्यात गाळ साचतो आणि वर कुणाची तरी स्कूटर उभी राहते. जाब विचारला की उत्तर तयार: 'पुण्याखाली काळा पाषाण, पाणी मुरतच नाही.' सगळीकडे सारखं मुरत नाही, कबूल. मग टाकीत साठवा, फ्लशला वापरा, निदान सर ओसरेपर्यंत तरी अडवून धरा. तुमच्या गच्चीखाली पाषाण आहे म्हणून ओढ्याकाठच्या माणसानं का बुडावं?

येत्या वार्षिक सभेत लिफ्टच्या आरशाआधी हा विषय घ्या. निम्मे ब्लॉक उखडा, ड्रेनेजमधला पाइप काढा, तो खड्डा उपसा. खर्च जास्त वाटला, तर टँकरची गेल्या उन्हाळ्यातली बिलं सभेपुढं ठेवा.