चालीसेआधीची सुई

मेंदूची गाठ काढली जात असताना एक तरुणी हनुमान चालीसा म्हणते आहे, ही दिल्लीच्या 'एम्स'मधली २०२१ सालची चित्रफीत देशभर फिरली. लोकांनी हात जोडले. पण ते जमलं भूलतज्ज्ञाच्या सुईमुळे. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. दुखते ती डोक्याची कातडी आणि मेंदूवरचं आवरण. भुवईपासून कानामागे मानेपर्यंत दोन्ही बाजूंच्या सहा-सहा नसांपाशी बुपिव्हाकेनसारखं औषध सोडलं, की कातडी काही तास बधिर होते. यालाच 'स्काल्प ब्लॉक' म्हणतात. आवरण सर्जन वेगळं बधिर करतो.

वर्धा जिल्ह्यात चालीसा म्हणणारे रुग्ण क्वचितच. इथला नेहमीचा रुग्ण म्हणजे न्हाणीत घसरलेले सत्तरीचे आजोबा. महिनाभराने पाय ओढू लागतो, बोलणं अडखळतं, घरचे म्हणतात, 'वय झालं आता.' खरं तर कवटीखाली रक्त साचलेलं असतं. ते काढायला एक-दोन छिद्रं पुरतात; पण हृदय दुबळं, छातीत दमा, अशा देहाला पूर्ण भूल सोसवेलच असं नाही. डोकं बधिर करून, बोलतं ठेवून काम होतं आणि हात हलतो का, हे तिथल्या तिथे विचारता येतं. गोंधळलेल्या, हातपाय झाडणाऱ्या रुग्णाला मात्र पूर्ण भूलच हवी. तिथेही जोडीला ब्लॉक दिला, तर कवटी धरणाऱ्या चिमट्याच्या टोच्या रुतताना रक्तदाब उसळत नाही आणि नंतर वेदनाशामकं कमी लागतात.

औषध स्वस्त आहे, महाग आहे तो सराव. डोक्याच्या कातडीत रक्त भरपूर, औषध झपाट्याने भिनतं. वजन पाहून ठरवायची मात्रा चुकली तर झटके येतात, हृदय बंद पडू शकतं. हा सराव देणाऱ्या संस्था जिल्ह्यातच आहेत. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली सुरू झालं. सावंगी (मेघे) इथलं त्यानंतरचं. दोन्हीकडे भूलशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी घडतात. त्यांच्या हाताला हे वळण प्रात्यक्षिकापुरतं नव्हे, रोजच्या यादीतल्या रुग्णांवर लागायला हवं.

आमच्या वार्ताहरांनाही एक सांगणं. 'गुंतागुंतीची शस्त्रक्रिया यशस्वी' या बातमीत सर्जन असतो, अधिष्ठाता असतो, पुष्पगुच्छ देणारे आमदारही असतात. भूलतज्ज्ञ 'आणि चमू'त जमा होतो. पुढच्या बातमीत त्याचं नाव सर्जनच्या शेजारी छापा.