निविदेतील अटींची चाळण

खुल्या निविदेत सर्वांत कमी दरवाल्यास काम मिळते, हे अर्धेच सत्य आहे. दराचा लिफाफा उघडण्याआधी तांत्रिक लिफाफा उघडतो. उलाढाल, पूर्वानुभव, अनामत रक्कम यांच्या चाळणीत जो अडकला, त्याचा दर कोणी वाचतही नाही. ई-निविदेने लिफाफ्यांची पळवापळवी थांबली असेल. अटी मात्र पूर्वीप्रमाणेच कचेरीत लिहिल्या जातात.

अंगणवाडीच्या पोषण आहारात कंत्राटदार नकोत, हे काम गावसमाज, बचत गट व महिला मंडळांकडे द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये दिला होता. तरीही राज्य शासनाच्या 2016 च्या निविदेत अनेक प्रकल्प एकत्र बांधून उलाढालीची अट घालण्यात आली. बचत गटांना कागदोपत्री मज्जाव नव्हताच! परंतु पातूर वा बार्शीटाकळीकडील दहा-बारा मोलमजुरी करणाऱ्या बायांच्या गटाने एवढी उलाढाल आणावी कोठून? 2019 मध्ये न्यायालयाने ती निविदाप्रक्रिया रद्द ठरविली. त्यास तीन वर्षे लागली.

न्यायालयाचे दार नेहमी वेळेवर उघडतेच असे नाही. मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या निविदेत पात्रतेची अट डावलली गेली, हे सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये मान्य केले. तथापि दाद मागण्यास विलंब झाला म्हणून ते कंत्राट कायम राहिले. म्हणून अकोल्यातील कार्यकर्त्यांनी जिल्हा परिषदेची निविदा सूचना निघताच पात्रतेचे पान आधी वाचावे आणि बोली उघडण्यापूर्वीच लेखी हरकत नोंदवून तिची पोच घ्यावी.