पायांचा जन्म

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ९० वे सूक्त म्हणते की, आदिपुरुषाचे मुख ब्राह्मण, बाहू राजन्य, मांड्या वैश्य, आणि पायांपासून शूद्र उपजला. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त या बाळंतपणाचा खरपूस समाचार घेतला. आम्ही आणखी एक सवाल करतो. त्याच सूक्तात पुढे भूमीही पायांपासूनच झाली असे लिहिले आहे! मग भूमीला माता म्हणून नमस्कार आणि तिच्या पाठच्या भावाला हीन म्हणून धिक्कार, हा कोठला न्याय? देवाच्या पायांचे तीर्थ भक्तीने पिणाऱ्यांनी पायांच्या लेकराचा विटाळ मानावा, हे नवल नव्हे काय? बंधूंनो, मुलामुलींना शाळेत धाडा. पोथी स्वतः वाचून सवाल विचारणारे तोंड त्यांनाही आहे.