उजेड रस्त्यावर हवा, डोळ्यांत नको

गेल्या पावसाळ्यात इशाच्या नमाजनंतर किन्हवलीहून सरळगावकडे मोटारसायकलवर येत होतो. बारीक पाऊस होता. समोरून ट्रक आला. त्याच्या बंपरवर आणि केबिनच्या टपावर एलईडीच्या पट्ट्या लावलेल्या. डोळ्यांसमोर पांढरा पडदा आला. डांबर कुठे संपतं आणि साईडपट्टी कुठे सुरू होते, काही कळेना. ब्रेक दाबून कसाबसा थांबलो. ट्रक गेल्यावर दिसलं, माझ्या चाकापासून हातभर अंतरावर एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती. तिलाही काही दिसत नव्हतं.

त्या ट्रकवाल्याला मनातल्या मनात खूप बोललो. पण आठवडाभरातच माझा मावसभाऊ तसाच बार लावायचा म्हणून घरी सल्ला विचारायला आला. तो मुरबाडच्या वीटभट्ट्यांचा माल वाहतो. म्हणाला, "भाईजान, रात्री खरंच दिसत नाही. उद्या कोणी चाकाखाली आलं तर लोक मलाच मारतील." त्याचं खोटं नव्हतं. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जाते. भरलेला ट्रक जागच्या जागी थांबत नाही. ज्याला वेळेवर दिसत नाही, त्याला नुसता "हळू चालव" हा उपदेश पुरत नाही.

म्हणून त्याच्यासोबत शहापूरला एका जुन्या इलेक्ट्रिशियन चाचांकडे गेलो. त्यांनी इंजिन चालू ठेवून मीटर लावला. बॅटरीवर २७ व्होल्ट, हेडलाईटच्या होल्डरवर २३. म्हणाले, "सर, दिवा कमजोर नाही. त्याच्यापर्यंत करंटच पोचत नाही."

मला ही गोष्ट नवीन होती. हॅलोजन बल्बला मिळणारं व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटलं, तर उजेड जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. जुन्या गाडीत सगळा करंट बारीक वायरीतून स्विचपर्यंत जाऊन परत येतो, होल्डर जळालेले असतात, अर्थच्या जागी गंज चढलेला असतो. चाचांनी बॅटरीवरून जाड वायर घेऊन रिले आणि फ्यूज बसवला, अर्थची जागा खरवडली, होल्डर बदलले, पिवळी पडलेली काच घासली. बल्ब मात्र गाडीला मुळात असतात तेच, २४ व्होल्टचे ७५/७० वॅटचे ठेवले. शंभर वॅटचे टाकले असते तर होल्डर पुन्हा जळाले असते.

मग माल भरलेला ट्रक सपाट जागेवर भिंतीसमोर दहा मीटरवर उभा केला. माल भरला की मागचा भाग बसतो, तोंड वर उचललं जातं आणि डिपरसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. रिकाम्या गाडीचा फोकस लावून उपयोग नाही. भिंतीवर उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण दहा सेंटिमीटर खाली आणली. त्या रात्री भाऊ म्हणाला, "गाडी नवीन घेतल्यासारखी वाटते." बार लागलाच नाही.

हॅलोजनच्या जागी बाजारातला एलईडी बल्ब खुपसण्याचंही तेच आहे. हेडलाईटच्या आतला आरसा बल्बच्या तारेची नेमकी जागा धरून बनवलेला असतो. ती जागा हलली की उजेड चहूकडे फेकला जातो. ड्रायव्हरला लख्ख वाटतं, पण लांबचं तितकंसं दिसत नाही. माळशेज किंवा कसारा घाटात धुकं असताना अपर मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते. तिथे बंपरखाली, कमी उंचीवर लावलेला रुंद फॉगलाईट कामाचा, टपावरचा नाही.

कायदाही हेच सांगतो. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार समोरचा दिवा खाली झुकलेला, समोरच्याला न दिपवणारा हवा, आणि परवानगीशिवाय स्पॉटलाईट किंवा सर्चलाईट लावायला मनाई आहे. तरी असे दिवे दुकानांत उघड मिळतात. पासिंगच्या दिवशी काढतात, दुसऱ्या दिवशी परत चढवतात.

आपल्याकडे रस्त्याचा हक्क ही कल्पना आहे. रस्त्यावर बसायचंच असेल तर त्याचा हक्क द्या, असं पैगंबरांनी (स.) सांगितलं, त्यात नजर खाली ठेवणं आणि कुणाला इजा न करणं आहे. जुम्याच्या बयानात हे आपण नेहमी ऐकतो. समोरून गाडी दिसताच डिपर देणं याच हक्कात बसतं, असं मला वाटतं. "समोरचा देत नाही, मग मी का देऊ" हे उत्तर तिथे चालत नाही.

दोन गोष्टी मालकांना आणि पालकांना सांगायच्या आहेत. ट्रकमालकांनो, वायरिंगचा खर्च ड्रायव्हरच्या पगारातून कापू नका. गाडी तुमची आहे. आणि आपली कितीतरी मुलं दहावीनंतर गॅरेजात वायरिंग शिकतात. त्यांना आयटीआयलाही पाठवा. व्होल्टेज मोजणारा मुलगा गिऱ्हाइकाला "बार नको, रिले लावू" असं सांगू शकतो. न मोजणारा मागितलं ते जोडून देतो.

पौषात म्हशाची यात्रा भरली की बैल घेऊन माणसं रात्रीची रस्त्याने चालतात. रामनवमीच्या आधी मुंबईहून शिर्डीला निघालेल्या पालख्या शहापूरवरून कसाऱ्याकडे पायी जातात. त्यांच्याकडे ना हेडलाईट, ना डिपर. ट्रकचा दिवा त्यांना दिसावा आणि त्या दिव्यात ते ड्रायव्हरला दिसावेत, एवढंच मागणं आहे.