मदतीची मैफल आणि उतरलेला तंबोरा

कार्यक्रमपत्रिकेवर 'कर्करोगग्रस्तांच्या साहाय्यार्थ' ही ओळ छापली गेली, की समीक्षकाने आपली लेखणी घरी ठेवून यावे, असा एक अलिखित नियम आपल्याकडे रूढ झाला आहे. आम्हीही तो आजवर निमूटपणे पाळत आलो. गेल्या हिवाळ्यात जिल्ह्याच्या ठिकाणी अशाच एका मैफलीला जाण्याचा योग आला, आणि हा नियम नेमका कोणाच्या सोयीचा आहे, याचा विचार करणे आम्हांस भाग पडले.

मैफल स्थानिक कलावंतांची होती. गायक शाळेत संगीत शिकवणारे, तबलजी शिकवण्यांवर घर चालवणारे, संवादिनीवरचे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. सभागृह भरलेले होते. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, विश्वस्तांची मनोगते आणि देणगीदारांची नामावळी यांत सव्वा तास गेला. मग निवेदकांनी श्रोत्यांना बजावले, की आज सुरातालाचा हिशेब कोणी मांडायचा नाही, आज भावना महत्त्वाची. यावर टाळ्या पडल्या. वेळ उरला नाही म्हणून ख्याल दहा मिनिटांत गुंडाळला गेला; मध्यंतरानंतर दोन नाट्यपदे, एक अभंग आणि भैरवी. गायकाची तालीम पक्की आहे, हे त्या दहा मिनिटांतही कळत होते. परंतु माईकच्या मांडामांडीत तंबोरा उतरला होता आणि तो शेवटपर्यंत तसाच राहिला.

मध्यंतरात शेजारच्या खुर्चीवरील बाईंशी बोलणे झाले. डोक्याला रुमाल बांधलेला, सोबत मुलगा. ज्यांच्या नावाने हा सारा समारंभ चालला होता, त्यांपैकीच त्या एक. केमोच्या दोन सायकल अजून उरल्या होत्या. तरुणपणी त्यांनी संगीत विशारद केले होते. त्या म्हणाल्या, "तंबोरा उतरलाय हो. कोणीतरी सांगायला हवं त्यांना." आणि थोड्या वेळाने, "घरी सगळे गोडच बोलतात हल्ली. इथे तरी नीट गाणं ऐकायला मिळेल म्हणून आले होते."

आम्ही कोणालाही काही सांगितले नाही. संकोच वाटला.

'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा फडके-खांडेकर वाद आपण वर्गात शिकवतो, तो जणू कधीचा मिटून ग्रंथालयात जाऊन बसला आहे अशा थाटात. वस्तुतः दर हिवाळ्यात तो गावोगावच्या सभागृहांत अगदी कच्च्या स्वरूपात पुन्हा उभा राहतो. त्यात खांडेकरांचा पक्ष घेणारे निवेदक असे गृहीत धरतात, की हेतू चांगला असला म्हणजे कलेची जबाबदारी सैल होते. खांडेकरांनी असे कधी म्हटले असते, असे आम्हांस वाटत नाही.

आपल्या रंगभूमीचा या बाबतीतला अनुभव तर अगदी उलट आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या त्यासाठी एकत्र आल्या. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. हेतूच्या थोरपणाविषयी कोणाला शंका नव्हती. तरीही त्या रात्री कोण सरस ठरले, यावर रसिक पुढे कित्येक दशके हमरीतुमरीवर येत राहिले. निधी किती जमला, हे आज फार थोड्यांना सांगता येईल. गाण्याचा वाद मात्र अजून जिवंत आहे. फंडासाठी गायचे म्हणून त्या दोघांनी काही सोडून दिले नाही, आणि ऐकणाऱ्यांनीही दिले नाही.

दुसरे उदाहरण दूरचे आहे, पण तंबोऱ्याच्या गोष्टीशी त्याचे नाते आहे. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कला बांगलादेशातील निर्वासितांसाठी जॉर्ज हॅरिसन आणि रविशंकर यांनी मैफल केली. रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखा वाद्ये जुळवीत असतानाच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. रविशंकरांनी हसून आभार मानले आणि जुळवणीच एवढी आवडली, तर वादन अधिक आवडेल, अशा अर्थाचे काही बोलले. सद्भावनेने भरलेल्या श्रोत्याचे कान कसे होतात, याचे इतके चोख चित्र दुसरे नसेल. तिथे निदान वाद्ये जुळत तरी होती. (त्या मैफलीच्या ध्वनिमुद्रिकेचे आणि चित्रपटाचे उत्पन्न करविषयक तयारी आधी न केल्यामुळे वर्षानुवर्षे अडकून पडले. भावनेबरोबर हिशेबही लागतो, तो असा.)

आणि मदत मागणाऱ्याने श्रोत्यांपुढे गोडच बोलले पाहिजे, असे तरी कोठे आहे? गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांना प्रश्नांच्या फैरीत धरीत. कर्ज, दारू, पशुबळी यांवरून तोंडावर खडसावीत. त्यांच्या लोकसंग्रहातून धर्मशाळा उभ्या राहिल्या. आज त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा टाटा रुग्णालयात उपचारासाठी आलेल्या बाहेरगावच्या कर्करुग्णांचा आणि त्यांच्या नातलगांचा आसरा आहे.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही रंगमंचामागच्या खोलीत गेलो. तबलजींनी चंची सोडून तंबाखू मळायला घेतली होती. मुखकर्करोगाचे सर्वांत मोठे कारण तंबाखू आहे. सव्वा तासाच्या भाषणांत तिचे नाव कोणी काढले नव्हते, आणि आम्हीही काढले नाही. बोलणे वेगळ्याच विषयावर गेले. अशा तीन-चार संध्याकाळी हंगामात येतात, ते सांगत होते. "मांडववाला पैसे घेतो, साऊंडवाला घेतो, छापखानावाला घेतो. सेवा फक्त आमची." त्याच संध्याकाळी त्यांना एका लग्नातल्या स्वागत समारंभाचे आमंत्रण होते, ते त्यांनी सोडले होते. देणगीदारांच्या नामावळीत ती रक्कम कोठेही नव्हती. हजार रुपये देणाऱ्या व्यापाऱ्याचे नाव ध्वनिवर्धकावरून दोनदा पुकारले गेले. त्याहून अधिक देणारा हा माणूस 'तबलासाथ' या एका शब्दात संपला.

ज्याला बिदागी मिळत नाही, त्याला दुरुस्तीही सांगता येत नाही, अशी ही गाठ आहे. फुकट गाणाऱ्याला 'तंबोरा उतरलाय' म्हणणे कृतघ्नपणाचे वाटते. म्हणून आम्ही गप्प राहिलो, आणि सगळे सभागृहही. निदान साथीदारांना तरी ठरलेले मानधन द्यावे आणि ते ज्याला परत द्यायचे असेल त्याने आपल्या नावाने, पावती घेऊन द्यावे, असे आम्ही त्या संस्थेला पत्राने कळवले. भाषणे वीस मिनिटांत आटोपावीत आणि पडदा उघडण्यापूर्वी वाद्ये जुळवण्यास अर्धा तास राखून ठेवावा, हेही लिहिले. उत्तर सौजन्याचे आले, पण त्यात शब्द पुन्हा 'भावना' हाच होता.

यंदाची पत्रिका परवा मिळाली. कलावंत तेच आहेत, आणि साथीदारांची नावे या वेळी गायकाच्या नावाएवढ्याच अक्षरांत छापली आहेत. आम्ही तिकिटे काढली आहेत. परीक्षण लिहिणार आहोत, हेही गायकांना आधीच कळवले आहे, त्यांनी फोनवर विचारले, "तंबोऱ्याबद्दल गेल्या वेळीच का नाही बोललात?"