घिसाडघाई म्हणण्याआधी

मी हौगांगला राहते, अकराव्या मजल्यावर. खाली कॉफीशॉप, समोर खेळाचं मैदान, आणि बसने थोडं पुढे गेलं की डेफूचा औद्योगिक भाग. लोखंडाशी माझा संबंध एवढाच होता: विळी, तवा आणि बसच्या खिडकीतून दिसणारे कारखाने.

मग आपल्या मोठ्यांच्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, "ताई, मी केबलपासून चाकू बनवायला शिकतोय." वर्गात सगळे एकदम बोलायला लागले. केबल म्हणजे फोन चार्ज करायची नव्हे बरं का! क्रेनला असते ती, पोलादी तारांची जाड दोरी. बंदराच्या शहरात तिची काय कमी? तो शनिवारी एका कार्यशाळेत जातो. तिथे गॅसची भट्टी आहे, ऐरण आहे, शिकवणारा माणूस आहे. फ्लॅटच्या बाल्कनीत हे करायचं नाही, हे सांगायची गरज नसावी, पण सांगून ठेवते.

त्याचा पहिला चाकू मधोमध चिरला. त्याने व्हिडिओ कॉलवर आजीला दाखवला. आजी साताऱ्याच्या. त्या म्हणाल्या, "घिसाडघाई केलीस!"

हा शब्द तुम्ही घरी ऐकला असेल. घाईघाईने केलेलं, कसंतरी उरकलेलं काम म्हणजे घिसाडघाई. गृहपाठ बसमध्ये केला की आई म्हणते तो शब्द. मला वाटतं, आजींचं अर्धं बरोबर आहे आणि अर्धं चूक.

आधी बरोबर काय ते सांगते. पहिलाच चाकू केबलचा करायला नको होता. नेहमीच्या एका प्रकारच्या केबलमध्ये ६ पेड असतात आणि प्रत्येक पेडात १९ तारा. म्हणजे ११४ तारा, आणि मधला गाभा वेगळा. या सगळ्यांचा एकच तुकडा करायचा असतो. तारांमध्ये जुनं ग्रीस असतं, ते आधी जाळावं लागतं. गाभा प्लास्टिकचा किंवा तागाचा असेल तर तो काढून टाकावा लागतो. मग तापवून, टोकं पकडून केबल पिळायची, म्हणजे तारा एकमेकींना घट्ट चिकटतात. वर टाकणखार टाकायचा. तो वितळून काचेसारखा पसरतो आणि हवेला आत येऊ देत नाही. हवा लागली की तापलेल्या लोखंडावर पापुद्रा येतो, आणि पापुद्र्यावर जोड बसत नाही.

त्यानंतर खरी परीक्षा. साधारण १,२०० ते १,३०० अंश सेल्सिअसला पोलाद फिकट पिवळं दिसतं. तेव्हा ते बाहेर काढून हलक्या हाताने, सगळ्या बाजूंनी ठोकायचं. जोरात मारलं तर तारा फाकतात. उशीर केला तर थंड ऐरण उष्णता ओढून घेते. आणि भीतीने पुन्हा पुन्हा जास्त तापवलं तर पोलादातला कार्बन जळून जातो. मग चाकू दिसतो छान, पण धार धरत नाही.

आपल्या मुलाचा एक जोड आत कच्चा राहिला होता. बाहेरून काहीच कळत नव्हतं. चाकूला पाणी देताना, म्हणजे तापवून एकदम थंड करताना, तिथेच चीर पडली. (पाणी म्हटलं तरी त्याने तेल वापरलं होतं. आपली भाषा त्यालाही पाणी देणंच म्हणते. 'पाणीदार' हा शब्दही इथलाच.)

अजून एक गोष्ट, आणि ती गमतीची नाही. काही केबलांवर जस्ताचा मुलामा असतो. जस्त ९०७ अंशांना उकळतं, म्हणजे जोडाच्या तापमानाच्या कितीतरी आधी. तो धूर छातीत गेला तर थंडी वाजून ताप येतो. चकचकीत, पांढरट केबल दिसली तर तिला भट्टीत घालू नका. नवशिक्याला हा फरक कळेलच असं नाही, म्हणूनही मी म्हणते: आधी साधी पट्टी घ्या. आपल्याकडचे लोहार ट्रकच्या कमानीच्या जुन्या पट्टीपासून कोयते करतात. तिच्यात जोडच नसतो, त्यामुळे चूक झाली तर ती तुमच्या हाताची आहे की जोडाची, हा गोंधळ होत नाही. दोन-तीन सुऱ्या तशा झाल्या की मग केबल.

आता आजींचं चूक काय? 'घिसाडघाई' हा शब्द फोडून बघा. घिसाडी आणि घाई. घिसाडी ही महाराष्ट्रातली भटकी जमात आहे. गावोगाव फिरून विळे, खुरपी, कुऱ्हाडी बनवणारी माणसं. पाल ठोकायचं, जमिनीत छोटी भट्टी करायची, भाता लावायचा आणि रस्त्याच्या कडेला काम सुरू. पुरुष सांडशीत लोखंड धरतो आणि बाई घण मारते. तो जड घण डोक्यावरून खाली येतो तो नेमक्या जागी. माझ्या लहानपणी मी हे थांबून पाहिलं आहे, आणि त्यांना घाई होती हे खरंच आहे. तापलेलं लोखंड पाच-सात सेकंदच ऐकतं! त्या घाईत किती वर्षांचा सराव आहे, हे केबल हातात घेतल्यावर कळतं. आपण मात्र त्यांच्या नावाने वाईट कामाला शब्द केला.

मी तो शब्द शब्दकोशातून काढा म्हणत नाही. तो तसा निघतही नाही. पण तो माझ्या तोंडी आला की आता मी थांबते.

आजी पुढे अजून एक वाक्य बोलल्या. "लोहाराची कामं कशाला करतोस, शिकलास ना एवढा?" मुलाने हे वर्गात सांगितलं तेव्हा हसू आलं, पण मला ते झोंबलं. गावगाड्यात लोहार बारा बलुतेदारांपैकी एक होता. त्याच्याशिवाय नांगर चालत नव्हता, आणि मोबदला म्हणून त्याला धान्याचा वाटा मिळायचा. मान किती मिळायचा, ते आजींच्या वाक्यात दिसतं. इथे सिंगापुरात तेच काम शिकायला आपण पैसे भरतो आणि ऐरणीसोबत फोटो काढतो. शिका की! मला आवडतं. फक्त फोटोखाली 'लोहार' लिहायला लाज वाटत असेल, तर ती कशाची लाज आहे, हे एकदा स्वतःला विचारा.

मुलगा आता साध्या पट्टीवर काम करतोय. कानस फिरवली तर ती घसरते, म्हणजे धार टणक झाली आहे. केबलचा चिरलेला तुकडा त्याने टाकलेला नाही. डिसेंबरमध्ये साताऱ्याला जाताना नवी सुरी चेक-इनच्या बॅगेत नीट गुंडाळून नेणार आहे, भाजी चिरायला. आजींनी ती वापरायला घेतली तर मला कळव, असं मी त्याला सांगितलं आहे.